नंद लोहाराची वाट : कान्हेरीच्या एका ‘झेन पदभ्रमंती’ची समीक्षा

ग्रंथाची समीक्षा होते, नाटकाची होते. परंतु एका दिवसाच्या पदयात्रेची समीक्षा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे असे की, जी गोष्ट लोकांना त्यांच्या पूर्वेतिहासाविषयी काही सांगते ती समीक्षेस पात्र ठरते. मग ती कागदावर छापलेली असो अथवा पायी चालण्याची असो. गेल्या हिवाळ्यात कळव्यातील काही परिचित उपासक-उपासिकांसमवेत आम्ही अशाच एका मार्गदर्शित पदभ्रमंतीत सहभागी झालो. तिच्या निमंत्रणपत्रकावर ‘झेन पदभ्रमंती : अरण्य, मौन आणि प्राचीन गुंफा’ असे शब्द होते. स्थळ होते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी. जपानमध्ये झेन मंदिरे आणि त्यांना जोडणाऱ्या वनातील डोंगरवाटा एका दिवसात पायी पाहण्याची जी रीत आहे, तिच्या धर्तीवर हा उपक्रम आखला आहे, असे आयोजकांनी सांगितले. आयोजकांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. आम्हांला जे खटकले ते एका संस्थेपुरते मर्यादित नसून आज सर्वत्र बळावत असलेल्या एका दृष्टीचे लक्षण आहे, आणि त्या दृष्टीचाच विचार येथे करावयाचा आहे.

कळव्याच्या खाडीपुलावरून पश्चिमेस पाहिले असता येऊरचे डोंगर दिसतात. त्याच डोंगररांगेच्या पलीकडील अंगास कान्हेरीची लेणी आहेत. म्हणजे कळवेकराच्या दृष्टीने कान्हेरी ही काही दूरदेशीची वस्तू नव्हे. मधले अरण्य तेवढे ओलांडायचे. ते अरण्य मनास येईल तेव्हा ओलांडता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे निघून ठाण्यास आलो आणि घोडबंदर रस्त्याने डोंगरास वळसा घालून बोरिवलीच्या प्रवेशद्वारी पोहोचलो. ही भौगोलिक बाब आरंभीच नमूद करण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

जमेची बाजू

प्रथम जे चांगले होते ते सांगितले पाहिजे. मंडळी वीसच्या आतबाहेर होती. भ्रमणध्वनी बंद करण्यात आले. पहिला तासभर कोणी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता आणि तो पाळला गेला. प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे सुमारे सहा किलोमीटरचे अंतर वाहनाने न जाता चालून पार करण्यात आले. मार्गदर्शक तरुण वनस्पतींचा चांगला जाणकार होता. पळस, काटेसावर, कुसुम ही झाडे त्याने दाखविली. अनेक वर्षांतून एकदाच सामुदायिकपणे फुलणाऱ्या कारवीची माहिती त्याने इतक्या आस्थेने दिली की आमच्यातील कित्येकांनी त्या झुडपाकडे जन्मात प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. वाटेत पडलेला कागदाचा कपटाही त्याने उचलून पिशवीत टाकला. या शिस्तीचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

चालण्याला बौद्ध परंपरेत मानाचे स्थान आहे, हेही विसरता कामा नये. अङ्गुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात चङ्कमाचे, म्हणजे जागृत चित्ताने येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. चङ्कम करणारा प्रवास सोसू शकतो, प्रयत्न सोसू शकतो, निरोगी राहतो, त्याचे अन्न नीट पचते, आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. यांतील पहिले चार लाभ किती लौकिक आहेत! तथागतांना देहाचे वावडे नव्हते. तेव्हा कोणी मौन धरून वनातून चालत असेल, तर ‘हे आपले नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. ते आपलेच आहे. ते आपले आहे एवढेच चालणाऱ्यास सांगितले जात नाही, ही खरी तक्रार आहे.

एका शब्दाचा प्रवास

पदभ्रमंतीच्या आरंभी मार्गदर्शकाने ‘झेन’ या शब्दाचा अर्थ ‘क्षणात जगण्याची जपानी कला’ असा सांगितला. आम्ही मौनात होतो, त्यामुळे त्या वेळी काही बोललो नाही, आता बोलतो. संस्कृतातील ‘ध्यान’ पालीत ‘झान’ होते. हा शब्द चीनमध्ये गेला, तेथे त्याचा उच्चार ‘चान’ झाला. चीनमधून जपानात गेल्यावर ‘झेन’ झाला. आपल्या बौद्ध वसतिगृहातील पालीचा विद्यार्थी पहिल्या वर्षी ‘झान’ शब्दाची रूपे चालवितो, तोच हा शब्द. त्याहून लक्षणीय बाब अशी की, झेन विहारांत दोन बैठकांच्या मधल्या वेळेत जे मंद वा जलद चालणे असते, त्यास जपानीत ‘किन्हिन’ म्हणतात. आणि ज्या दोन चिनी अक्षरांनी तो शब्द लिहिला जातो, ती अक्षरे चिनी भाषांतरकारांनी भारतीय ‘चङ्क्रम’ या शब्दासाठीच योजली होती. म्हणजे जपानी म्हणून जे चालणे आम्हांला कान्हेरीत शिकविण्यात आले, त्याचे मूळ नाव याच भूमीचे होते.

शब्द परदेशी जाऊन परतला याबद्दल आमची तक्रार नाही. धम्म कोणा एका देशाची मालमत्ता नाही, आणि आज भारतात धम्माचा जो पुनःप्रसार झाला आहे त्यात अनेक जपानी भिक्खूंचे कष्ट आहेत. मात्र नावे अचूक घ्यावीत. मुंबईकरांस ठाऊक असलेले वरळीचे जपानी बुद्धमंदिर निचिरेन परंपरेतील आहे, झेन परंपरेतील नव्हे. ‘जपानी म्हणजे झेन, झेन म्हणजे शांतता, शांतता म्हणजे बुद्ध’ अशी सरळसोट साखळी जोडली की मधला सारा इतिहास गळून पडतो. उरते ते एक मोहक नाव, जे चहाच्या पेल्यालाही चिकटवता येते आणि सहलीलाही.

कामाकुराचा आदर्श

ज्या जपानी रीतीचा हवाला दिला गेला, तिचे उत्तम उदाहरण म्हणजे तोक्योच्या दक्षिणेस असलेले कामाकुरा. तेथे १२५३ मध्ये होजो तोकियोरी या सत्ताधीशाने चीनमधून आलेल्या लान्शी दाओलोंग या आचार्यांसाठी केन्चो-जी हा विहार स्थापिला. १२८२ मध्ये तेथून जवळच एन्गाकु-जी उभारला गेला, तो मंगोल स्वाऱ्यांत मेलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या स्मरणार्थ. केन्चो-जीच्या मागील पायऱ्या चढून डोंगराच्या धारेवर आले की ‘तेन्एन’ नावाची वनवाट लागते आणि ती पूर्वेकडे झुइसेन-जी या विहारापाशी उतरते. हा विहार १३२७ मध्ये मुसो सोसेकी या भिक्खूने स्थापिला आणि तेथील उद्यान त्याने प्रत्यक्ष खडक कोरून घडविले. याच डोंगरात ‘यागुरा’ म्हणून ओळखली जाणारी, मध्ययुगात खडकात खोदलेली असंख्य स्मृतिस्थाने आहेत. विहार, अरण्य, कोरलेला पाषाण आणि मृतांचे स्मरण या चारही गोष्टी एका दिवसाच्या चालण्यात तेथे गुंफल्या जातात. चिनी व जपानी विहारांना डोंगराचे नाव धारण करण्याची प्रथा आहे. विहार गावात असला तरी त्याच्या नावात पर्वत असतो. ‘कृष्णगिरी महाविहार’ म्हणून कान्हेरीचा उल्लेख ज्या वाचकास ठाऊक आहे, त्यास ही प्रथा परकी वाटणार नाही.

कामाकुराच्या वाटेचे मोल ती नेत्रसुखद आहे यात नाही. ती वाट ज्या विहारांना जोडते ते आजही विहार आहेत. तेथे भिक्खू राहतात, साधना चालते, मृतांची नावे उच्चारली जातात. एन्गाकु-जीचे एक आचार्य शाकु सोएन हे १८८७ मध्ये सिंहलद्वीपास गेले आणि तेथील थेरवादी भिक्खूंसमवेत राहून त्यांनी पालीचा अभ्यास केला. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत ज्या व्यासपीठावर अनागारिक धर्मपाल होते, त्याच व्यासपीठावर तेही होते. झेनचा श्रेष्ठ आचार्य पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडतो आणि झेनच्या नावाने चालणारी आमची पदभ्रमंती मात्र पाली-प्राकृतातील शिलालेखासमोरून न थांबता पुढे जाते, हा विरोधाभास आम्हांला बोचला.

आदर्शाचीही चिकित्सा व्हावी. याच शाकु सोएन यांनी १९०४ मध्ये सुरू झालेल्या रशिया-जपान युद्धाचे समर्थन केले होते. ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या ‘झेन ॲट वॉर’ या १९९७ मधील ग्रंथाने तर झेन आचार्यांपैकी कित्येकांनी विसाव्या शतकातील जपानी लष्करशाहीस कसा आधार दिला, हे कागदोपत्री दाखवून दिले. यावरून झेन परंपरा त्याज्य ठरत नाही. ठरते ते एवढेच की, शीलापासून आणि करुणेपासून सुटलेले मौन कोणाच्याही सेवेस लागू शकते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच प्रश्न उपस्थित केला की, भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य व्हावा, की समाजाचा सेवक व्हावा. तोच प्रश्न मौनाने चालणाऱ्या प्रत्येक पदयात्रेला विचारला पाहिजे.

न वाचलेला पाषाण

आता कान्हेरीकडे वळू. शंभराहून अधिक लेणी असलेला हा डोंगर इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ हजार वर्षे नांदता होता. मार्गदर्शकाने सांगितले की कान्हेरी म्हणजे कान्ह्याचा डोंगर. वस्तुतः शिलालेखांत या स्थळाचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. ‘कण्ह’ म्हणजे काळा, ‘सेल’ म्हणजे शैल. येथील काळ्या बेसाल्ट खडकाचे हे साधे वर्णन आहे; त्याचा कोणा देवतेशी संबंध नाही. तसेच निमंत्रणपत्रकावरील ‘गुंफा’ हा शब्द. कोरणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी दगडावर ‘लेण’ असे लिहिले, आणि मराठीने तोच शब्द ‘लेणे’ म्हणून आजवर जपला. दोन हजार वर्षे जिवंत राहिलेला शब्द घरी असताना दुसरा कशासाठी आणावा?

तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात आम्ही बराच वेळ बसलो. तेथील स्तंभ, स्तूप, आणि ओसरीतील उभ्या बुद्धमूर्तींची भव्यता यांविषयी मार्गदर्शकाने भावपूर्ण शब्दांत सांगितले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी बंधूंनी हे चैत्यगृह उभारल्याचा लेख तेथेच आहे. त्याचा उल्लेख झाला नाही. पुढे वर चढून आम्ही एका विहारापाशी आलो. विहाराच्या अंगणातच खडकात खोदलेले पाण्याचे टाके होते. आमच्यासोबत कळव्याच्या एक वृद्ध उपासिका होत्या. त्या टाक्याच्या काठाशी वाकल्या, तेव्हा मार्गदर्शक लगबगीने म्हणाला, “आजी, जपून, कडा निसरडी आहे.”

आजींनी विचारले, “बाळा, हे टाके कोणी दिले असेल?”

“त्या काळच्या राजांनी, आजी,” तो सहजपणे म्हणाला.

आजी आमच्याकडे वळल्या. “खरं का हो, सर?”

मौनाचा तास केव्हाच संपला होता, म्हणून आम्ही बोललो. नेमक्या याच टाक्याविषयी नव्हे, परंतु याच डोंगरावरील एका टाक्याविषयी लेख आहे. ‘पानीयपोढि’, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे टाके. आणि दाता आहे कल्याणचा सोनार सामिदत. आणखी एक लेख आहे, तो याहून लहान. त्यात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने ‘पथ’ दान दिल्याची नोंद आहे. पथ म्हणजे वाट. लेणे नव्हे, मूर्ती नव्हे, टाकेही नव्हे. डोंगरावर चढण्याची वाट त्या लोहाराने दिली.

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्या कल्याणचाच की तो.” आणि त्यांनी टाक्यासमोर हात जोडले. मार्गदर्शक तरुणाने खिशातून वही काढून ती दोन नावे लिहून घेतली. त्याच्याविषयीचा आमचा आदर त्या क्षणी वाढला. त्याला कोणी हे शिकविले नव्हते, एवढाच त्याचा दोष होता.

‘राजांनी’ या एका शब्दाने काय घडते, ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. कान्हेरीच्या लेखांत राजे आहेत, अमात्य आहेत. पण त्यांच्याबरोबरीने कल्याण व सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे. धेनुकाकटच्या एका उपासकाची कन्या, प्रव्रजित सापा, हिने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. कोणी चीवरांसाठी रक्कम लावून दिली, कोणी शेत दिले. नवव्या शतकातील दानलेखांत तर ग्रंथांसाठीही पैसे ठेवलेले आढळतात. पाली वाङ्मयात धातुकाम करणाऱ्यास ‘कम्मार’ म्हणतात. तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुन्द हा कम्मारपुत्तच होता. कान्हेरीच्या दगडावरचा ‘कमार’ नंद त्याच व्यवसायाचा. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या गावाचे नाव आणि त्याने काय दिले याची नोंद, असा तिहेरी सन्मान त्याला या डोंगरावर मिळाला. ते नाव वाचायचे नाही आणि ‘राजांनी बांधले’ असे म्हणायचे, म्हणजे त्या लोहाराला दुसऱ्यांदा निनावी करणे होय.

पाण्याचे टाके पाहून आम्हांला आणखी एक प्रसंग आठवला. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी विटाळले म्हणून गहजब झाला. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर, आणि सोबत एक सशस्त्र शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सारे नमूद आहे. एका काळी कल्याणच्या सोनाराने चारी दिशांतून येणाऱ्या भिक्खूंसाठी पाणी कोरून ठेवले. दुसऱ्या काळी लेण्यांकडे निघालेल्या माणसांना पाण्यापासून पहाऱ्यात दूर ठेवले गेले. या दोन पाण्यांमधील अंतर ज्याला कळले नाही, त्याला कान्हेरी कळली असे आम्ही म्हणणार नाही. आजींनी हात जोडले ते खडकाला नव्हे.

रिकामे अरण्य

पदभ्रमंतीचा दुसरा दोष अरण्याविषयीच्या कल्पनेत आहे. ‘संसार सोडून निबिड वनात राहणारे भिक्खू’ असे चित्र वारंवार रंगविले गेले. विनयात आरण्यक निवासाची व्याख्या आहे, ती मोठी बोलकी आहे. गावापासून किमान पाचशे धनुष्ये अंतरावर असलेले निवासस्थान ते आरण्यक. म्हणजे अरण्य मोजायचे ते गावापासून. गाव इतके दूर असावे की कोलाहल पोहोचू नये, आणि इतके जवळ असावे की सकाळी पिण्डपातासाठी जाऊन परतता यावे. गावाशिवाय भिक्खूचे अरण्य संभवतच नाही.

कान्हेरीचे दानलेख हेच सांगतात. ‘मगलठाण’ या गावातील शेत कायमच्या निधीसाठी दिल्याचा लेख येथे आहे. ते मगलठाण म्हणजे आजचे बोरिवली पूर्वेचे मागाठाणे. तेथेही बौद्ध लेणी आहेत आणि ती वस्तीच्या वेढ्यात दुर्लक्षित अवस्थेत आहेत. कल्याणच्या अंबालिका विहाराचाही उल्लेख कान्हेरीच्या लेखात येतो. बंदर, बाजारपेठ, शेत, विहार आणि अरण्य ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. वाटसरूला केवळ झाडे आणि गुंफा दाखवून ‘येथे कालातीत शांतता आहे’ असे सांगणे म्हणजे ती शांतता ज्यांच्या श्रमावर उभी होती त्यांना चित्रातून पुसणे होय.

आणि आजचे अरण्यही रिकामे नाही. या उद्यानाच्या सीमेत वारली, मल्हार कोळी आदी आदिवासींचे पाडे आहेत. आम्ही चाललो त्या दिवशी डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोन स्त्रिया वाटेने गेल्या. मंडळींनी बाजूस होऊन त्यांना वाट दिली, परंतु त्यांच्याविषयी एक शब्दही उच्चारला गेला नाही. पळसाचे नाव आम्हांला कळले. त्या पाड्याचे नाव कळले नाही.

आपल्या घरातील दोष

येथवर वाचून काही वाचकांना समाधान वाटले असेल. ते पूर्ण होऊ देण्याची आमची इच्छा नाही. वैशाख पौर्णिमेस वा सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्त्यांतून बसगाड्या भरून लेण्यांवर जातात. ध्वज असतात, घोषणा असतात, ध्वनिक्षेपक असतो. चैत्यगृहात सामुदायिक वंदना होते, छायाचित्रे निघतात, भोजन होते, आणि सायंकाळी पत्रावळ्या व बाटल्या मागे ठेवून गाड्या परततात. शिलालेख तेव्हाही वाचला जात नाही.

या गजराचे कारण आम्ही जाणतो. ज्यांना शतकानुशतके प्रवेशच नव्हता, त्यांनी आपल्या वारशावर पाय ठेवताना मोठ्याने बोलावे, यात अनुचित काही नाही. लेण्यांत शेंदूर फासला जातो, पांडवांच्या कथा चिकटविल्या जातात, तेव्हा मौन हे संमतीसारखे भासते. म्हणून घोषणेला तिचे स्थान आहे. परंतु घोषणेने हक्क सांगता येतो. तो सिद्ध होतो वाचनाने. ‘ही लेणी आमची’ असे म्हणणाऱ्याला ती कोणी दिली, कोणाला दिली, कशासाठी दिली, हे सांगता आले पाहिजे. पदभ्रमंतीवाल्यांनी मौन घेतले आणि इतिहास सोडला. आम्ही हक्क घेतला आणि मौन सोडले. दोघांनीही नंद लोहाराची वाट तुडविली, त्याचे नाव मात्र कोणी घेतले नाही.

समाधानाची बाब अशी की, अलीकडे धम्मलिपी शिकून लेण्यांवर जाणारे तरुण-तरुणी ठिकठिकाणी दिसू लागले आहेत. डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. तो विद्यापीठाच्या कपाटात पडून राहण्यासाठी लिहिला गेला नव्हता. डोंगरावरील विटांच्या स्तूपांपाशी ज्या थेरांची नावे सापडली, ती त्यांच्या परिश्रमांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचली. कामाकुरात मृतांची नावे भिक्खू घेतात. कान्हेरीत ती घ्यायला आता आपणच आहोत.

काय करता येईल

टीका करून थांबणे पालीच्या अभ्यासकास शोभत नाही, म्हणून काही सूचना करतो. पहिली अशी की, कान्हेरीची पदभ्रमंती मागाठाण्यापासून सुरू व्हावी. जेथील शेताच्या उत्पन्नावर विहार चालला, तेथून विहारापर्यंत चालत जावे. म्हणजे लेणे आणि गाव यांचे नाते पायांना कळेल, आणि दुर्लक्षित मागाठाण्याकडे चार डोळेही वळतील. दुसरी सूचना : निवडक दहा लेखांचे मूळ अक्षर, उच्चार व मराठी अर्थ असे एक पत्रक आपल्या विहारांनी छापावे आणि ते मागणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही मंडळाचा असो, विनामूल्य द्यावे. तिसरी : वाट दाखविण्यासाठी पाड्यांवरील जाणत्या माणसास सन्मानाने व योग्य मोबदल्याने सोबत घ्यावे. चौथी सूचना स्वतःसाठी : लेण्यांच्या पायथ्याशी ध्वनिक्षेपक बंद करावा, पहिला चढ मौनाने चढावा, वर गेल्यावर वंदना घ्यावी, मग लेख वाचावा आणि त्यावर चर्चा करावी. पालीत दोन शब्द आहेत. चङ्कम हे चित्तासाठी चालणे. चारिका हे बहुजनांच्या हितासाठी गावोगाव चालणे. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेसाठी पाठविताना दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे सांगितले होते. ज्या पदयात्रेत चङ्कम आहे पण चारिका नाही, ती आरोग्यासाठी चांगली. ज्या यात्रेत चारिका आहे पण चङ्कम नाही, तिचा आवाज दूर जातो पण आत उतरत नाही. दोहोंची सांगड घालणे ही बुद्धाची रीत होय.

परतताना सायंकाळी आम्ही पुन्हा कळव्याच्या पुलावर आलो. कल्याणहून साष्टी बेटावर यायचे तर पाणी ओलांडावेच लागते; नंद लोहारानेही ते ओलांडले असेल. आज त्याच डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली असा सुमारे बारा किलोमीटरचा जोड बोगदा खोदण्याचे काम हाती घेतलेले आहे. त्याचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. तो पुरा झाला की डोंगरास घालावा लागणारा वळसा वाचेल. प्रवास सुलभ होईल हे चांगलेच. मात्र बोगद्यातून जाणाऱ्याला वर कोणती वाट आहे आणि ती कोणी दिली, हे सांगणारे कोणी असले पाहिजे. आजींनी गाडीत आम्हांला त्या दोघांची नावे पुन्हा विचारून घेतली. येत्या पौर्णिमेस विहारात मुलांना सांगायची आहेत, असे त्या म्हणाल्या.